जुनी आरएक्स घेताय? रंग नंतर बघा, आधी कागद

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित अवतार. बोलतानाचे "अं", "म्हणजे काय की" काढून टाकलेत, वाक्यं थोडी सरळ केलीत. बाकी जे बोललो तेच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "चांगली आरएक्स १०० मिळेल का?", "आरडी ३५० विकायला आहे, घेऊ का?", "व्हिंटेज जपानी बाईक, सिंगल ओनर, अशी जाहिरात आहे, खरी असेल का?"

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये वाढलो, रोज शहाडहून लोकल पकडून ठाण्याला बदलतो आणि ऐरोलीला जातो. पण गेली काही वर्षं जुन्या गाड्या बघणं हा माझा रविवारचा उद्योग आहे. मित्रांसोबत, नातेवाइकांसोबत, कधी नुसतंच कुतूहल म्हणून. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि आजचा पूर्ण भाग त्या एका गोष्टीवरच आहे: जुनी जपानी गाडी घेताना आपण लोखंड विकत घेत नसतो, आपण रेकॉर्ड विकत घेत असतो. लोखंड दुरुस्त होतं. रेकॉर्ड तुटलेलं असेल तर बहुतेक वेळा होत नाही.

आपल्याकडे "जुनी जपानी" म्हणजे कुठली?

जपानमधून थेट आलेल्या जुन्या गाड्या आपल्याकडे हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. आपण ज्याला जुनी जपानी बाईक म्हणतो ती खरं तर जपानी डिझाइनची, भारतीय कारखान्यात बनलेली गाडी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुचाकीवाल्यांना परदेशी कंपन्यांशी करार करायला वाट मोकळी केली. मग चार जपानी कंपन्यांनी चार भारतीय जोडीदार शोधले. सुझुकीने टीव्हीएसबरोबर १९८४ मध्ये इंड-सुझुकी एएक्स १०० आणली. होंडाने हिरोबरोबर १९८५ मध्ये सीडी १००. यामाहाने एस्कॉर्ट्सबरोबर १९८५ च्या शेवटी आरएक्स १००. आणि कावासाकीने आपल्या पुण्याच्या बजाजबरोबर १९८६ मध्ये केबी १००. तोपर्यंत ज्यांनी राजदूत, येझदी आणि बुलेटच बघितली होती, त्यांना या गाड्या खेळण्यासारख्या हलक्या वाटल्या असणार.

या चौघांच्याही आधी एक गाडी आली होती: राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती, १९८३ पासून एस्कॉर्ट्सने बनवलेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. मूळ जपानी गाडी साधारण ३९ हॉर्सपॉवरची. आपल्याकडे पेट्रोल परवडावं म्हणून ती मुद्दाम मवाळ केली. आधीची "एचटी" म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ हॉर्सपॉवरची, आणि १९८५ नंतरची "एलटी" म्हणजे लो टॉर्क, २७ ची. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला. त्या काळात ही गाडी नीट खपली नाही. महाग, पेट्रोल पिणारी, आणि तिला हात लावू शकणारा मेकॅनिक गावात एखादाच. दशक संपता संपता ती बंदही झाली.

आता गंमत बघा. सीडी १०० घराघरात गेली, तिच्यामागे आज कुणी वेडं होत नाही. आणि जी खपली नव्हती ती आरडी आज कित्येक लाखांना सांगतात. संग्राहकांच्या बाजाराचा हा पहिला नियम: किती लोकांनी घेतली यावर भाव ठरत नाही. किती लोकांना हवी होती आणि घेता आली नाही, यावर ठरतो. आपल्या बापाच्या पिढीने जी फक्त दुसऱ्याच्या दारात उभी बघितली, ती आज पोरगा ईएमआयवर घेतो.

आरएक्स एवढी का पळायची?

हे थोडं तांत्रिक आहे, पण गाडी तपासताना पुढे उपयोगी पडेल, म्हणून दोन मिनिटं द्या.

आरएक्सचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव पण ५० मिलिमीटर. गणित केलंत तर ९८ सीसी येतात. ताकद ११ हॉर्सपॉवर. त्याच काळातली सीडी १०० जवळपास तेवढ्याच सीसीची, पण ताकद सात-साडेसातच्या आसपास. फरक कुठून आला? सीडी फोर-स्ट्रोक, आरएक्स टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. त्यात गाडीचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. म्हणून सिग्नल सुटला की ती अंगावर आल्यासारखी निघायची.

पण या फायद्याची किंमत आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना जळलेला धूर बाहेर ढकलतं, आणि त्या धांदलीत थोडं न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय इंजिनाला वंगण देणारं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. तोच तो निळसर धूर आणि तोच वास. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. पुढे आरएक्स १३५ काही वर्षं चालली, मग तीही गेली.

म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात "नवी" आरएक्स १०० सुद्धा १९९६ ची. यापेक्षा नंतरचं मॉडेल कुणी सांगत असेल, तर एक तर ती आरएक्स १०० नाही, किंवा कागदात काहीतरी शिजलंय.

"व्हिंटेज" हा शब्द जाहिरातीत वेगळा, कायद्यात वेगळा

जाहिरातीत "व्हिंटेज" लिहिलं की भाव चढतो. पण कायद्यात या शब्दाला नेमका अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. तिला वेगळा नंबर मिळतो, ज्यात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आणि ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आता हिशोब करा. १९८३ ची राजदूत ३५० पन्नास वर्षांची होणार २०३३ मध्ये. १९८५ ची आरएक्स २०३५ मध्ये. म्हणजे आज जाहिरातीत "व्हिंटेज आरएक्स" लिहिलेली एकही गाडी कायद्याने व्हिंटेज नाही. ती फक्त जुनी आहे. आणि जुन्या गाडीला तुमच्या-माझ्या गाडीचेच नियम लागतात: नोंदणी चालू हवी, इन्शुरन्स हवा, पीयूसी हवं. "व्हिंटेज आहे, पासिंग लागत नाही" असं सांगणारा भेटला, तर चहा प्या आणि घरी या.

आरसी जिवंत आहे का?

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण "रीपासिंग" म्हणतो. १९९४ ची आरएक्स घ्या. तिची पहिली मुदत २००९ ला संपली. मग २०१४, २०१९, २०२४. म्हणजे आज ती गाडी रस्त्यावर कायदेशीर असेल, तर तिचं चार वेळा रीपासिंग झालेलं असायला हवं. मालकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: "शेवटचं रीपासिंग कधी केलंत?" जो खरोखर गाडी सांभाळतो तो साल सांगतो. बाकीचे म्हणतात, "होऊन जाईल हो, एजंट आहे आपला."

रीपासिंगचा खर्चही माहीत असू द्या. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार २० वर्षांवरच्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी २,००० रुपये झाली. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. आणि मुदत उलटून गेली असेल तर २०२२ पासून दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा, अशी तरतूद नियमात आहे. भावाची घासाघीस करताना हे आकडे हातात ठेवा.

आता तपासणी. आमच्या भाषेत सांगायचं तर आरसी ही डेटाबेसमधली एक ओळ आहे आणि हातातलं कार्ड किंवा पुस्तक हा तिचा प्रिंटआउट. प्रिंटआउटवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ ओळ बघायची. परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, मुदत, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा हे दिसतं. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण जुळतंय की नाही एवढं कळतं.

बऱ्याच जुन्या गाड्या तिथे सापडतच नाहीत. विशेषतः तीन अक्षरांचे जुने नंबर, एमएच येण्याआधीचे. याचा अर्थ गाडी चोरीची असा लगेच होत नाही. ते रेकॉर्ड अजून कागदी रजिस्टरमध्ये असू शकतं, आणि ते कॉम्प्युटरवर चढवायला आरटीओत "बॅकलॉग" करावा लागतो. पण हे काम विकणाऱ्याचं. रेकॉर्ड चढू द्या, मग पैसे द्या. आधी पैसे आणि मग रेकॉर्ड, असं उलटं करू नका.

चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची "वाहन समन्वय" नावाची सोय आहे. तिथे चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीच्या नोंदीत गाडी आहे का ते बघता येतं. आरएक्सच्या बाबतीत हे जरूर करा. एके काळी चेन खेचणाऱ्यांची गाडी म्हणून तिचं नाव खराब होतं, ते उगाच नाही.

गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर अजून एक पायरी. दिल्ली आणि आसपास १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या बाहेर विकायला निघाल्या. स्वस्त दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी नसेल, तर आपल्या कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच ०५ ला, ती कधीच तुमच्या नावावर होणार नाही.

दोन नंबर, आणि एक पेन्सिल

आता गाडीजवळ जाऊ. रंग, क्रोम, सीट याकडे अजून बघायचं नाही. दोन नंबर शोधायचे. चासी नंबर हँडलच्या खाली स्टिअरिंग हेडच्या नळीवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही आरसीशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत.

खिशात पांढरा कागद आणि पेन्सिल ठेवा. नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासा, छाप उमटते. आरटीओत चासीची प्रिंट घेतात तसंच. डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदावर दिसतं: एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, एखादा तिरका, आजूबाजूला ग्राइंडरने घासल्याच्या रेषा, वेल्डिंगचा उंचवटा. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद आणि चोरीच्या गाडीचं लोखंड एकत्र करायची ही जुनी युक्ती आहे. नळीचा तुकडा कापून दुसऱ्या फ्रेमला जोडतात, वर जाड रंग मारतात. म्हणून नुकताच रंगवलेला स्टिअरिंग हेड दिसला की मला गाडी आवडेनाशी होते.

इंजिन नंबर जुळत नसेल तर विचारा, का? बऱ्याचदा उत्तर प्रामाणिक असतं: जुनं इंजिन गेलं, आरएक्स १३५ चं बसवलं. पळायला छान. पण तो बदल आरसीवर चढलेला नसेल, तर रीपासिंगला अडकणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेली गाडी मनाने बदलता येत नाही. आणि संग्राहकाच्या दृष्टीने तर त्या गाडीचा अर्धा जीव गेला.

विकणाऱ्यानेही हे वाचावं

आतापर्यंत घेणाऱ्याचं बोललो. पण आपल्या श्रोत्यांत असे बरेच आहेत ज्यांच्या घरात जुनी गाडी पडून आहे आणि कुणीतरी रोकड घेऊन दारात उभा आहे. त्यांच्यासाठी हा भाग जास्त महत्त्वाचा.

माझ्या मामांकडे १९९४ ची आरएक्स आहे. मामा आता निवृत्त, गुडघ्यामुळे किक मारवत नाही. एक मुलगा आला, भाव चांगला बोलला, अॅडव्हान्स पण द्यायला तयार. फक्त एक अट: "काका, कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन ठेवा, नाव मी सावकाश करून घेतो." मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं लोक असेच व्यवहार करत आलेत.

मी त्यांना एक निकाल वाचून दाखवला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिलेला. एक कार एकाने दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला, अशी ती हातोहात पुढे गेली. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. पुढे त्या कारने अपघात झाला, त्यात एकाचा जीव गेला. न्यायालयाने सांगितलं, नुकसानभरपाईच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. ज्याने दीड-दोन वर्षांपूर्वी गाडी विकून टाकली होती, त्याच्यावर जबाबदारी आली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे पोरगं कुठे आपटलं तर माझं पेन्शन?" हो, तसंच. आणि जुन्या गाडीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा संपलेला असतो, म्हणजे मध्ये कंपनी पण नाही.

मामांनी त्या मुलाला सांगितलं, आरटीओत नाव बदलायचा अर्ज माझ्यासमोर भर, मग गाडी ने. तो परत आला नाही. काही आठवड्यांनी दुसरा एक जण आला, भाव कमी दिला, पण अर्ज आधी केला. मामांनी त्याला दिली. मला विचाराल तर त्यांनी जास्त भावाला विकली, कारण सोबत रात्रीची झोप आली.

तर पद्धत अशी. विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्यांचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं, असं कलम ५० सांगतं. आरसीवर ज्यांचं नाव आहे ते वारले असतील, तर मुलाने परस्पर विकायची नाही. आधी ३१ नंबरच्या फॉर्मने वारसाच्या नावावर करायची, मग विकायची. आपल्या भागात हा प्रकार फार आहे. "बाबांची गाडी आहे" म्हणतात, बाबा जाऊन दहा वर्षं झालेली असतात आणि दोन बहिणींची संमतीच घेतलेली नसते.

घेणाऱ्यांसाठी याची दुसरी बाजू. २०१४ च्या नरिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अपघाताच्या वेळी गाडीची नोंदणीच वैध नसेल, तर मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स मिळत नाही. म्हणजे हप्ता भरलात, पॉलिसी हातात आहे, पण आरसी मेलेली असेल तर तो कागद शोभेचा.

आता इंजिन ऐका

कागद पास झाले? मग आता गाडी. जायच्या आधी मालकाला फोनवर सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." गरम इंजिन खोटं बोलतं, थंड इंजिन खरं.

चोक ओढून दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी. किकला दाब जाणवला पाहिजे. पाय सरळ खाली गेला तर कॉम्प्रेशन नाही, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम. विचारा, बोअर किती वेळा मारलाय? पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात. ५० चा सिलिंडर ५१ पर्यंत गेला असेल, तर पुढे जागा फारशी उरली नाही.

धूर बघा. सुरुवातीचा निळसर धूर म्हणजे गाडी जिवंत असल्याची खूण, त्याला घाबरू नका. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअर ऑइलचा वास आला, तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलंय, इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून पितंय. उलट अॅक्सिलरेटर सोडल्यावरही आवाज खाली यायला वेळ लागत असेल, तर मॅग्नेटच्या बाजूने हवा शिरत असेल. सील स्वस्त आहे, पण क्रँक उघडायची मजुरी नाही. आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टन पकडतो.

ऑइल पंप चालू आहे का हेही बघा. आरएक्सला टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. काही मेकॅनिक पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सांगतात. तसं असेल तर चालवायच्या आधी माहीत हवं, नाहीतर पहिल्याच फुल टँकला इंजिन कोरडं पडून जाम होईल.

पेट्रोल टाकीत टॉर्च मारा. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि या गाड्यांचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे सील त्यासाठी बनलेले नव्हते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. शोकेसची गाडी असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

पीयूसीची भीती मात्र उगाच आहे. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. कार्ब्युरेटर नीट लावलेली आरएक्स त्यात बसते.

आणि आता, आपलं उल्हासनगर

कुठल्याही गावात गेलो की लोक विचारतात, "मेड इन यूएसए? म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन ना?" आणि हसतात. मी पण हसतो. निर्वासितांच्या लष्करी छावणीतून उभं राहिलेलं हे शहर, १९४९ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि हाताला काम हवं म्हणून लोक जे बनवता येईल ते बनवू लागले. नक्कल करणं हेही कौशल्यच आहे. फक्त नक्कल नक्कल म्हणून विकावी, एवढंच.

आरएक्सच्या बाजारात हा प्रश्न रोजचा आहे. कंपनीने गाडी बंद करून तीस वर्षं होत आली. टाकी, साइड पॅनल, मडगार्ड, स्टिकर, मीटर, आज मिळणारे बहुतेक नवे पार्ट दुसऱ्याच कुणीतरी बनवलेले असतात. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत रांगेने दुकानं आहेत. हे पार्ट वाईट असतात असं नाही, चालवायला पुष्कळ चांगले. पण "ओरिजिनल पेंट, ओरिजिनल पार्ट" म्हणून तिप्पट पैसे घ्यायचे आणि खाली कालच आणलेली टाकी, हे चालणार नाही. म्हणून चमकणाऱ्या गाडीपेक्षा मला डाग पडलेली, फिकट झालेली, पण एकाच घरात राहिलेली गाडी जास्त आवडते. तिच्यावर काय घडलंय ते दिसतं. नव्या रंगाखाली काय आहे ते कुणाला माहीत?

मग घ्यायची का?

घ्या की! मी नको म्हणत नाहीये. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी आरसीची मुदत, मग नाव, मग दोन नंबर, मग इंजिन, आणि शेवटी रंग. जाहिरात हाच क्रम उलटा दाखवते. फोटोत आधी रंग, मग आवाजाचा व्हिडिओ, आणि कागदाचं "भेटल्यावर बोलू".

पहिल्यांदाच घेत असाल तर आरडीच्या मागे लागू नका. पैसे जास्त, पार्ट कमी, जाणकार मेकॅनिक त्याहून कमी. चालू पासिंगची साधी आरएक्स १०० किंवा १३५ घ्या. आणि आरएक्सचा भाव झेपत नसेल तर सुझुकी किंवा केबी १०० कडे बघा, त्यांच्याकडे गर्दी कमी आहे. भाव पटला तरी टोकन देऊन आरटीओची वाट धरा. नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका.

तुमच्या घरात अशी एखादी गाडी उभी असेल तर आजच तिचा नंबर एम-परिवहनवर टाकून बघा. मुदत संपत आली असेल तर आत्ताच रीपासिंग करा, कारण दर महिन्याला ती महाग होत जाते. काय दिसलं ते मला कळवा, विशेषतः बॅकलॉगचा अनुभव असेल तर नक्की. पुढच्या भागात तेच वाचून दाखवेन. तोपर्यंत हेल्मेट घाला आणि पेन्सिल खिशात ठेवा.